हर्बेरियमच्या चाव्या कोणाकडे द्यायच्या? कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

विषय: वनस्पतिशास्त्र विभागातील हर्बेरियम, सपुष्प वनस्पतींच्या उत्क्रांतीचा वैकल्पिक विषय आणि त्याचे शिक्षकपद यांबाबतचा निर्णय मागे घेण्याविषयी

महोदय,

मी या विद्यापीठात 1995 पासून शिकवते आणि येत्या 30 जूनला निवृत्त होते. माझा विषय सपुष्प वनस्पतींची उत्क्रांती. फुलणारी झाडे एकमेकांची कोण लागतात, एखाद्या फुलाचा आकार असाच का झाला, कुठल्या कुळाची फांदी कुठे फुटली, हे शोधण्यात विद्यार्थिदशेपासूनची माझी 37 वर्षे गेली.

मागच्या महिन्यात विभागात परिपत्रक आले. त्यानुसार हर्बेरियमची, म्हणजे वाळवून कागदावर लावलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, पहिल्या मजल्यावरची खोली नव्या उद्योजकता केंद्राला द्यायची आहे. नमुन्यांचे फोटो काढून मूळ कागद तळघरातल्या कोठारात हलवायचे आणि ‘निरुपयोगी आढळल्यास’ निर्लेखित करायचे, म्हणजे नोंदीतून कमी करून टाकून द्यायचे. एमएस्सीचा माझा वैकल्पिक विषय विद्यार्थिसंख्येअभावी बंद करायचा. आणि मी निवृत्त झाले की माझे पद व्यपगत, म्हणजे रद्द. यावर मी दोन पत्रे आवक-जावक विभागात दिली, त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर आले नाही. विद्यापीठ लोकांच्या पैशावर चालते, तेव्हा हा विषय लोकांनाही कळावा म्हणून हे तिसरे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी एवढी अस्वस्थ का आहे हे आधी सांगते.

1989 च्या भाद्रपदात आमचे सर आम्हा चार विद्यार्थ्यांना जुन्नरला घेऊन गेले होते. शिवनेरीच्या कड्याच्या बाजूला एका कपारीत त्यांनी मला शिंदळ माकुडी दाखवली. तळहाताएवढ्या जागेत लोंबणाऱ्या मांसल फांद्या, त्यांवर पाने, आणि तांबड्या-जांभळ्या चांदणीसारखी फुले, मध्ये पिवळी नक्षी. डॅल्झेल या वनाधिकाऱ्याने 1865 मध्ये या वनस्पतीची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. जगात ती फक्त आपल्या सह्याद्रीत वाढते. सरांनी आम्हाला नाव सांगितले नाही. आधी विचारले, “हिची भावंडे कोण?” आम्ही गप्प. मग त्यांनी माळावरच्या माकडशिंगाची आठवण करून दिली. माकडशिंगाला पानेच दिसत नाहीत, नुसत्या हिरव्या कांड्या. ही त्याच्या जवळची, पण हिला पावसाळ्यात चांगली पाने येतात आणि उन्हाळ्यात गळतात. “मग हिने पूर्वजांची पाने टिकवली, की घालवून पुन्हा मिळवली?” सरांचा हा प्रश्न घेऊन मी त्या कड्यावरून खाली उतरले आणि आजवर तोच माझ्या कामाच्या मुळाशी आहे. आम्ही रोप उपटले नाही. एक फूल स्पिरिटच्या बाटलीत घेतले. ती बाटली आजही हर्बेरियमच्या उजवीकडच्या शेवटच्या कपाटात आहे. परिपत्रकात बाटल्यांचा उल्लेख नाही, त्यामुळे त्यांचे काय होणार हेही मला माहीत नाही.

या विषयात माणूस कसा घडतो, हे परिषदेतील बहुतेक सदस्यांना माहीत असायचे कारण नाही. तुमच्यात अभियंते आहेत, वकील आहेत, व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक आहेत. आमच्याकडे पहिली दहा वर्षे डोळा तयार होण्यात जातात. पावसात चिखल तुडवत फिरायचे, संध्याकाळी मुक्कामाच्या शाळेत ओल्या वर्तमानपत्रांतून झाडे काढून कोरड्या वर्तमानपत्रांत घालायची, लाकडी प्रेस पट्ट्याने आवळायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. श्रावणात झाडे वाळता वाळत नाहीत, बुरशी धरते. मी कितीतरी रात्री शंभरच्या बल्बखाली प्रेस उलटापालटा करत बसले आहे. मग ती कागदावर शिवायची, चिकटवायची, लेबल लिहायचे: कुठे, कधी, कोणी, किती उंचीवर, फुलाचा रंग कोणता. रंग लगेच लिहावा लागतो, कारण वाळल्यावर तो जातो.

त्या कष्टांवर नंतर काय उभे राहते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. बी. जी. एल. स्वामी हे कर्नाटकातले वनस्पतिशास्त्रज्ञ 1940 च्या दशकाअखेर हार्वर्डला तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ आयर्विंग बेली यांच्याबरोबर काम करायला गेले. फिजी बेटांवरच्या डिजनेरियासारख्या आदिम वाटणाऱ्या झाडांची फुले त्यांनी अभ्यासली आणि 1951 मध्ये दोघांनी मांडणी केली की स्त्रीकेसराचे मूळ रूप मधोमध दुमडलेल्या पानासारखे असावे, कडा पुरत्या न जुळलेल्या, बीजांडे आत. दुमडलेले पान! आज माझ्या वर्गातली मुले वाटाण्याची शेंग उघडून ही गोष्ट डोळ्यांनी पाहतात. स्वामी परत आले आणि पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत राहिले. दिल्लीत पंचानन माहेश्वरींनी सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानाचा अख्खा संप्रदाय उभा केला, 1950 मधले त्यांचे पुस्तक जगभर अभ्यासले गेले. नागपूरच्या शुक्लांनी छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानच्या दगडांतून एक अश्मीभूत फूल बाहेर काढले आणि 1944 मध्ये ‘सहनीअँथस’ या नावाने त्याचे वर्णन केले. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात सुमारे साडेसहा कोटी वर्षे पडून राहिलेले ते फूल! मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आले, कलकत्त्याला शिकवले आणि 1946 मध्ये पुण्यात संशोधनसंस्था उभी केली. ही माणसे एकट्याने मोठी झाली नाहीत. प्रत्येकामागे नमुन्यांनी भरलेली कपाटे, टिकणारी पदे आणि हातात भिंग देणारे गुरू होते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार निर्लेखनाची आहे. मोडके बाक, जुने पंखे, बंद पडलेले संगणक निर्लेखित होतात, ते ठीक. पण हर्बेरियमच्या कागदाला वापराची मुदत नसते. तो जुना होतो तसा जास्त कामाचा होतो. आमच्या संग्रहात 1957 चा एक नमुना आहे, कंदीलपुष्पाचा. सेरोपेजियाच्या फुलांना आपल्याकडे कंदीलपुष्प म्हणतात. या फुलाची खालून फुगलेली नळी असते, आत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत घसरते, केसांमुळे बाहेर पडता येत नाही, आणि केस सुकेपर्यंत कोंडलेली राहते. सुटताना परागपुंज अंगाला घेऊन जाते. तर त्या 1957 च्या कागदावर नाव वेगळ्याच प्रजातीचे लिहिले होते. 2003 मध्ये मी त्यातले एक फूल गरम पाण्यात मऊ केले, सुईने नळी उभी चिरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतला मुकुट पाहिला. नाव चुकले होते. ती प्रजाती त्या टेकडीवर होती हे त्यामुळे पहिल्यांदा कळले. मी लगेच टेकडी शोधत गेले. तिथे दगडखाण आहे. त्या झाडाचा तिथला पुरावा म्हणून आज तो एकच कागद उरला आहे.

फोटोतून हे झाले असते का? फोटो उपयोगी आहेत. गावोगावच्या अभ्यासकांना ते घरबसल्या दिसतील, मी स्वतः त्यासाठी प्रस्ताव दिला होता. पण फोटोतले फूल मऊ करता येत नाही, त्याची नळी चिरता येत नाही, त्यातला परागकण काढता येत नाही. आता तर वाळलेल्या पानाच्या नखाएवढ्या तुकड्यातून डीएनए मिळतो आणि आमच्या विषयातली निम्मी भांडणे त्यावर सुटू लागली आहेत. मी शिकले तेव्हा रुईचे कुळ वेगळे होते. 1998 मध्ये सपुष्प वनस्पतींचे नवे जनुकाधारित वर्गीकरण आले आणि आम्ही मानत होतो ती कित्येक कुळे मोडली, रुईचे कुळ करवंद-कण्हेरीच्या कुळात गेले. पुढच्याच वर्षी कळले की न्यू कॅलेडोनियातले अँबोरेला हे एकटे झुडूप आजच्या सगळ्या फुलझाडांपासून सर्वांत आधी वेगळ्या झालेल्या फांदीवर आहे. मी माझ्या नोट्स फाडून नव्याने लिहिल्या, कपाटांची मांडणी बदलली, फोल्डरांवर नवी नावे लावली. शिंदळ माकुडीचे शास्त्रीय नाव तर अनेकदा बदलले. आता बरेच अभ्यासक तिला सेरोपेजियातच धरतात, म्हणजे ती चांदणी आणि तो कंदील एकाच घरातले ठरले. इतक्या वेळा नावे बदलली तरी आमचे काही बिघडले नाही, कारण मूळ कागद जागेवर होता.

आणि तळघर! पावसाळ्यात तिथल्या भिंती पाझरतात हे बांधकाम विभागाच्या नोंदीत आहे. मागे परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका तिथे ठेवल्या होत्या, त्यांचा लगदा झाला. वाळलेल्या झाडांना ओल आणि कसर या दोनच गोष्टींपासून जपायचे असते. गेली आठ वर्षे डांबरगोळ्यांसाठी तरतूद नाही, त्या मी स्वतः आणते. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण तळघरात कितीही गोळ्या टाकल्या तरी चालायचे नाही.

दुसरी तक्रार पदाची. कागद राहिले आणि वाचणारा गेला, तर त्यांचा गवतासारखा भारा होतो. माझ्या हाताखाली सात जणांनी पीएचडी केली. त्यातल्या एकाने उभी वाढणारी आणि वेलीसारखी चढणारी कंदीलपुष्पे यांच्यात कोणत्या माश्या जातात, यावर काम केले. असा डोळा मी दुसरा पाहिला नाही. हरिश्चंद्रगडावर फूल नसतानाही नुसत्या कंदावरून आणि पानावरून तो प्रजाती सांगायचा. नेट झाला, सेट झाला. नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. नेमणूक निघायची ऑगस्टमध्ये, संपायची एप्रिलमध्ये, मधल्या काळात पगार नाही, आणि अभ्यासाचा खरा हंगाम असलेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला हातात ओळखपत्रसुद्धा नाही. वनखात्याकडे परवानगी मागायची तर कोणाच्या नावाने? गेल्या वर्षी तो गेला. एका औषध कंपनीच्या गोदामात मुळ्या-सालींचा कच्चा माल तपासतो. काम प्रामाणिक आहे, त्याचे घर चालते, मला त्याचा राग नाही. राग याचा आहे की त्याच्यावर माझ्या सरांनी, मी आणि विद्यापीठाने मिळून घातलेली मेहनत आपण हसत सोडून दिली. आता पदच व्यपगत झाले, तर परत बोलवायला जागाही राहणार नाही.

तिसरी गोष्ट विषयाची. यंदा चार विद्यार्थी होते, नियम दहाचा आहे. चार कमी आहेत, मान्य. पण या चौघांपैकी दोघी आपापल्या तालुक्यात लोकजैवविविधता नोंदवहीच्या कामाला जोडल्या गेल्या आहेत. 2002 च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतींच्या पातळीवर समित्या आणि नोंदवह्या आणल्या. त्या नोंदवहीत झाडाचे नाव लिहायचे तर ते ओळखणारा माणूस लागतो. आजही मला आठवड्याला पाच-सहा फोन येतात, “मॅडम, हे कुठले झाड? फोटो पाठवलाय.” सप्टेंबरात कासच्या पठारावर गाड्यांची रांग लागते. सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांचे गालिचे लोक पाहतात. त्या वीतभरही खोल नसलेल्या मातीत, चार महिने पाणी आणि आठ महिने भाजणारा दगड अशा जागी एवढी फुले का आली, सीतेची आसवे जमिनीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत जीव का पकडतात, हे सांगायला कोण तयार होणार? पश्चिम घाट 2012 पासून जागतिक वारसा आहे आणि त्याच्या पायथ्याशी असलेल्या विद्यापीठात त्याच्या फुलांचा अभ्यास बंद होतो आहे.

चौथी तक्रार मी आजवर बोलले नव्हते. बढतीच्या गुणांकनात आमचे क्षेत्रकाम जवळजवळ कुठेच बसत नाही. एका तालुक्याच्या वनस्पतींची नोंद करायला मला अकरा पावसाळे लागले. तक्त्यात त्याचे गुण एका छोट्या शोधनिबंधाएवढे आले. त्याच तालुक्यातल्या शाळांसाठी मराठीत लिहिलेल्या पुस्तिकेला शून्य. तरुण शिक्षक हे बघतात आणि साहजिकच डोंगरावर जायचे सोडून असा विषय धरतात, ज्यात वर्षाला चार निबंध निघतात. त्यांना दोष कसा देऊ? माझी स्वतःची प्रोफेसरपदाची बढती सहा वर्षे याच कारणाने लांबली. ते दिवस गेले, मला ते परत नकोत. पण पुढच्या माणसाला तरी तोच तक्ता पुढे करू नका.

तुमच्या अडचणी मला दिसतात. खोल्या कमी आहेत, अनुदान वेळेवर येत नाही, विद्यापीठाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट तोंडावर आहे आणि उद्योजकता केंद्राला जागा हवी आहे. ते केंद्र व्हावे असे मलाही वाटते. विभागाच्या मागच्या बाजूची जुनी प्रयोगशाळा दोन वर्षांपासून बंद पडून आहे, तिची पाहणी करा असे मी पहिल्याच पत्रात सुचवले होते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. निर्लेखनाचा भाग परिपत्रकातून लेखी काढून टाकावा, आणि कोणताही नमुना किंवा बाटली विषय जाणणाऱ्या बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय हलवू नये. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र 1955 पासून आहे, तिथून तज्ज्ञ मागवता येतील. हर्बेरियम आहे त्याच मजल्यावर राहावे. तिथे ओल शोषणारे एक यंत्र आणि डांबरगोळ्यांची वार्षिक तरतूद एवढे पुरे. माझे पद व्यपगत करू नये. त्याची जाहिरात मी असतानाच काढावी, म्हणजे निदान एक सत्र नव्या माणसाबरोबर कपाटाकपाटाने फिरून मला सगळे सांगता येईल. त्यासाठी निवृत्तीनंतर मानधन न घेता मी येईन. ही नेमणूक कायम असावी, तासिका तत्त्वावर नको. वैकल्पिक विषय विद्यार्थी चार असले तरी चालू ठेवावा, हवे तर प्राणिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो खुला करावा. किती येतात ते दोन वर्षे पाहावे. क्षेत्रकामाला, नमुना-संग्रहाला आणि मराठी लेखनाला गुणांकनात स्थान देण्याचा ठराव विद्यापरिषदेत मांडावा. आणि या सगळ्याचे लेखी उत्तर 15 जूनपूर्वी द्यावे.

निर्णय घेण्यापूर्वी तुमच्यापैकी कोणी हर्बेरियम आतून पाहिले आहे का, हे मला ठाऊक नाही. एकदा या. अर्धा तास पुरेल. 1957 चा तो कागद मी टेबलावर काढून ठेवते. त्यातले एक फूल मी चिरले होते, दुसरे अजून शाबूत आहे. त्याला हात लावायची वेळ पुढच्या माणसाची.

खोलीच्या दोन चाव्या आहेत. एक कार्यालयात असायला हवी, ती 2011 पासून सापडत नाही. दुसरी माझ्याकडे आहे. 30 जूनला संध्याकाळी पाच वाजता ती कोणाच्या हातात द्यायची, तेवढे कृपया नावानिशी कळवावे.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्र विभागातील एक प्राध्यापिका